तुमचं एक्सपोजर, आमचा ऱ्हास

गेल्या महिन्यात आमचं रिलीज एकदाचं गेलं. हुश्श! सलग तीन विकांत ऑफिसात गेले, म्हणून इथेही शुकशुकाट होता. तर त्या खुशीत मॅनेजरने सगळ्या टीमला मुंबईला जेवायला न्यायचं ठरवलं. क्लायंटकडचे एक साहेबही येणार होते, त्यामुळे बजेटची चिंता नव्हती. हॉटेल ठरलं कॅन्टनीज. डिमसम आणि सीफूड. नाव लिहीत नाही, कारण त्या हॉटेलशी माझं काहीच भांडण नाही. जेवण झकास होतं. माझं भांडण आहे ते आमच्या टेबलाशी. आणि त्या टेबलावर मीही बसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (मलाही त्या दिवशीच कळलं :-)) कॅन्टन म्हणजे दक्षिण चीनमधलं ग्वांगझोऊ. तिथल्या चहाच्या दुकानांत चहाबरोबर छोटे छोटे पदार्थ खायची पद्धत आहे. चहा पिण्याला म्हणतात 'यम चा', त्यातला 'चा' म्हणजे आपला चहाच. पदार्थांना म्हणतात डिमसम, म्हणजे हृदयाला स्पर्श वगैरे. बांबूच्या गोल टोपल्या, त्यात वाफवलेले कोळंबीचे 'हार गाव', डुकराच्या मांसाचे 'शिउ माय'. आपल्या उकडीच्या मोदकाचे चुलत भाऊ म्हणा. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, म्हणजे आभार. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर काय ते समजतो. हे सगळं आमच्या टीम लीडने समजावलं. तो एकदा आठ दिवस हाँगकाँगला जाऊन आलाय, त्यामुळे त्या दिवशी तोच आमचा कॅन्टनीज :-)

मग आले कोंबडीचे पाय. नखं काढून, आधी तळून, मग आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये पार मऊ होईपर्यंत वाफवलेले. चिनी लोक त्यांना 'फिनिक्सचे पंजे' म्हणतात. टेबलावर एकदम शांतता. मग लीड म्हणाला, "बघा, काहीच वाया घालवत नाहीत. याला म्हणतात फूड कल्चर." सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो काढले, एकेक पाय उचलून चोखला.

मला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. होस्टेलच्या मेसमध्ये एकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्यात कोंबडीचे पायपण खातात म्हणे?" ते वर्षभर पुरलं. माझं आडनाव पावरा. गाव धडगाव, तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार. एवढं ऐकलं की लोकांना पुढचं सगळं आपोआप माहीत असतं. मी तेव्हा "छे, काहीतरीच" म्हणालो होतो. आता सांगतो, खातो. आमच्या घरी कोंबडी कापली की पायही शिजतात. पाय तेच, कोंबडीही तीच. फक्त मधे फिनिक्स यावा लागतो.

मग मासा. आधी काचेच्या टाकीतून काढून जिवंत दाखवायला आणला. सगळ्यांनी "हो हो, चालेल" असं एखाद्या स्थळाला होकार द्यावा तसं सांगितलं. थोड्या वेळाने तोच मासा अख्खा वाफवून आला, डोळ्यांसकट, शेपटीसकट. वर आल्याचे आणि पातीच्या कांद्याचे लांब तुकडे, त्यावर कडकडीत तेल ओतलेलं, खाली पातळ सोया सॉस. बाकी काही नाही. मासा ताजा असला की मसाल्याची गरज नसते, असं लीड म्हणाला. (माझी आईही हेच म्हणते, पण ती हाँगकाँगला गेलेली नाही.) डोकं मुख्य पाहुण्याकडे करायचं असतं, म्हणून ते क्लायंटच्या साहेबांकडे वळवलं. आणि एक बाजू खाऊन झाली की मासा उलटायचा नाही. काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं मांस घ्यायचं. मासा उलटला तर कोळ्याची होडी उलटते, अशी तिकडची समजूत.

"वॉव," कोणीतरी म्हणालं. "किती सुंदर आहे ना हे!"

माझा घास तिथेच थांबला. २०१९ च्या मकर संक्रांतीला आमच्याच तालुक्यात भूषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली होती. खच्चून माणसं भरलेली होती. लहान मुलांसह माणसं बुडाली. नदीकाठी राहणारा माणूस होडीला, पाण्याला आणि माशाला जपून असतो. तो कॅन्टनचा असो की भूषाचा, कारण एकच असतं. पण कॅन्टनच्या कोळ्याची ती 'सुंदर समजूत' आणि आमच्या माणसाने पाण्यात उतरण्याआधी हात जोडले तर ती 'अंधश्रद्धा'. आमच्याकडे तिच्या निर्मूलनाला गाड्या भरून लोक येतात.

तेवढ्यात शेजारच्याने सहज विचारलं, "तू तर तिकडचाच ना, नंदुरबार साइडचा? तुमच्याकडे असं फिश वगैरे मिळतं का रे?"

मी म्हणालो, "फारसं नाही."

मंडळी, माझ्या तालुक्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. आमच्याकडे पाणी सोडून दुसरं काय आहे सांगा? आणि मी म्हणालो, फारसं नाही!

हे असं का झालं त्याचा उलगडा करायला चार वर्षं मागे जावं लागेल. पुण्यात आम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी सुट्टीवरून परत निघालो की आई डबा द्यायची. एकदा तिने मासे दिले. नदीतले लहान मासे, निखाऱ्यावर खरपूस भाजून वाळवलेले, सोबत लाल तिखट आणि आमचूर. (धडगावचा आमचूर, पांढराशुभ्र. एकदा खाऊन बघा.) चांदसैली घाट उतरून तळोदा, मग शहादा, मग रात्रभर एसटी. पुण्यात डबा उघडला तर एकाने उठून खिडकी उघडली. दुसऱ्याने उदबत्ती लावली. कोणी वाईट काही बोललं नाही हो. तिसरा तर हसत म्हणाला, "यार, हे जंगलातलं प्रकरण तू बाल्कनीत खा ना." खाली सोसायटीच्या फलकावर 'मांसाहारी भाडेकरू नकोत' असा ठराव लागलेलाच होता, आम्ही 'अंडी पण नाही' असं सांगून राहत होतो. मी डबा बंद केला आणि कचऱ्यात रिकामा केला. रात्री आईचा फोन आला. मी सांगितलं, मासे मस्त होते, सगळ्यांनी संपवले.

तर हे माझं. आता तुमचं :-)

दिवाळीत घरी गेलो होतो. धडगावच्या स्टँडजवळ संध्याकाळी एक चायनीजची गाडी लागते. लाल पाटी, पिवळी अक्षरं, कोबीचा ढीग, आणि लांबूनसुद्धा ऐकू येणारा तो गॅसचा आवाज. गाडीवाला दादा आमच्याच भागातला. सुरतला एका हॉटेलात भांडी घासायला लागला, मग भाजी चिरायला, मग कढईवर. सहा-सात वर्षांनी परत येऊन स्वतःची गाडी टाकली. आमच्याकडून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत ट्रक भरून माणसं जातात, त्यातला हा एक परत येऊन मालक झाला. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे उभं राहायला जागा नसते. डोंगरातून चालत आलेला बाप पोराला मंचुरियनची हाफ प्लेट घेऊन देतो आणि ते पोर एकेक गोळी पुरवून पुरवून खातं.

तिथे शहरातून कसल्याशा अभ्यासासाठी आलेली पाहुणे मंडळी उभी होती. त्यातले एक काका ती पाटी बघून कळवळले. "अरेरे, इथेही चायनीज पोचलं! तुमचं इतकं पौष्टिक पारंपरिक अन्न सोडून हे कसलं खाताय? भगर खा, मोहाची फुलं खा." मी आपला "हो ना" म्हणालो. (मी फार वेळा "हो ना" म्हणतो, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.)

काका, आता उत्तर देतो. तुम्ही पुण्यात पिझ्झा खाता तेव्हा तुमची संस्कृती कुठे जाते? तुमच्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा असतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरचीही तिकडची. ताटात सगळी अमेरिका, आणि तरी उपास मोडत नाही. मग आमच्या पोराच्या हाफ प्लेटने सातपुडा कसा काय मोडतो? तुम्ही डिमसम खाल्लं की ते एक्सपोजर. आम्ही मंचुरियन खाल्लं की तो संस्कृतीचा ऱ्हास. तुम्हाला जग बघायचं आहे आणि आम्ही मात्र जसे होतो तसेच बसून राहायचं आहे, तुम्ही बघायला याल तेव्हा सापडावे म्हणून.

दुसरा पंथ आहे तो आमच्या लीडसारख्यांचा. त्यांचं म्हणणं, गाडीवरचं ते चायनीजच नव्हे. ऑथेंटिक खायचं तर इथे या, माणशी तीन हजार मोजा. हे अर्धं खरं आहे. चीनमध्ये मंचुरियन मिळत नाही, बरोबर. चिकन मंचुरियन जन्मलं मुंबईत, १९७५ साली, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात. करणारे नेल्सन वांग, कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. काहीतरी नवीन करा म्हटल्यावर त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपला ऐवज घेतला आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. म्हणजे ते खोटं चायनीज नव्हे. इथे राहणाऱ्या एका चिनी माणसाने इथल्या गिऱ्हाइकासाठी केलेला तो फोर्क आहे. आपल्या धंद्यात फोर्कला कोणी नकली म्हणत नाही, चालला तर त्याचे आभार मानतात.

आणि ऑथेंटिकवाल्यांनो, मुंबईत खरे कॅन्टनीज लोक होते तेव्हा आपण त्यांचं काय केलं? माझगावला डॉकयार्डजवळ 'सी यूप कून' नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ मधलं. ग्वांगडोंगच्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांचं. बोटीवरचे खलाशी, गोदीतले कामगार. त्यांच्यासारख्यांचीच मुलंबाळं पुढे मुंबईत दात काढत होती, केस कापत होती, बूट शिवत होती, हॉटेलं चालवत होती. मग १९६२ चं युद्ध झालं. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, त्यातले बहुतेक आसाम-बंगालकडचे, उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. काही जण तर काही वर्षं तिथेच होते. त्यांचा गुन्हा काय, तर चेहरा. सुटल्यावर अनेक जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपल्याला आवडेल असं, आपल्या जिभेला सोसेल असं खायला घातलं. आपण माणसांना 'परके' म्हणून हाकललं, आणि आता पन्नास-साठ वर्षांनी त्यांच्या टोपल्यांसमोर बसून 'अस्सल' शोधतोय. अस्सल चव पाहिजे असेल तर अस्सल माणूस शेजारी राहिलेला चालायला हवा की नको? त्याच्या स्वयंपाकाचा वास चालायला हवा की नको?

आता समोरच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. गाडीवरचा तो लाल रंग मलाही नको वाटतो. तेच तेल चार दिवस तापवतात, हे खरं आहे आणि वाईट आहे. वाढत्या पोराचं पोट मैद्याने आणि कोबीने भरू नये, हेही कबूल. पण मग बोलायचं तर तेलाबद्दल बोला, रंगाबद्दल बोला. आणि हा नियम शहरातल्या वडापावलाही लावा. संस्कृतीच्या नावाने गळा काढू नका. पोषणाचीच काळजी असेल तर त्याबद्दल तर बोलाच, कारण अक्राणी-अक्कलकुव्याची नावं पेपरात येतात ती कुपोषणाच्या बातम्यांतच.

आणि तिथेच खरा राग आहे माझा. आमच्या पोरांनी काय खावं हे ठरवणारे लोक आमच्या पोरांच्या ताटाला नाक मुरडणारेच निघतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. आठवड्यातून एक! त्यावरही किती जणांच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधी बंद केला, लोकसहभागातून करा म्हणून शाळांना सांगितलं. डोंगरातल्या पाड्यावरच्या शाळेने कसला लोकसहभाग गोळा करायचा? त्या दिवशी आमच्या टेबलावर एका टोपलीत जेवढे पैसे गेले, तेवढ्यात अशा शाळेची महिन्याची अंडी आली असती. मी हिशोब केला आणि मग मुकाट्याने पुढची टोपली घेतली. एवढाच मी शूर.

माशांचंही तेच. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी काहींनी मच्छीमार सहकारी संस्था काढल्या. शेतकऱ्याचा कोळी झाला, मर्जीने नाही, पाणीच दारात आलं म्हणून. पण मासा धरल्यावर पुढे काय? बर्फ लांबून आणायचा, होडी आपली, घाटातला रस्ता असा, वाहन मिळेल तेव्हा. तोवर मासा मऊ पडतो आणि व्यापारी म्हणेल तो भाव. इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर आमचा प्रश्न संस्कृतीचा नाहीच, कोल्ड चेनचा आहे. मुंबईत काचेच्या टाकीत मासा जिवंत ठेवता येतो, ऑक्सिजन देऊन, तापमान सांभाळून. आमच्याकडे पेटीभर बर्फ वेळेवर मिळेना. पण बर्फाच्या कारखान्यावर कुणी कळवळून बोलत नाही. मोहाच्या फुलांवर बोलतात, ती फोटोत छान येतात.

मागणं मोठं नाही. डिमसमवर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही, मी स्वतः परत जाणार आहे, ते कोळंबीचे हार गाव विसरता येण्यासारखे नाहीत. म्हणणं एवढंच की त्या टेबलावर जी नजर होती ना, "हे लोक असं का खातात ते समजून घेऊ" अशी, ती तिथेच कोट-बूटवाल्या वेटरकडे ठेवून येऊ नका. तीच नजर शेजारच्या फ्लॅटमधल्या सुक्या माशांच्या डब्याकडे न्या. तीच गाडीवरच्या दादाकडे न्या. नाहीतर सरळ कबूल करा की आपण त्या दिवशी कॅन्टनला मान दिलाच नव्हता, मान बिलाला दिला होता.

हे सगळं दुसऱ्यांना ऐकवून झाल्यावर माझं एक काम उरलं होतं. परवा रविवारी आईला फोन केला. तो चार वर्षांपूर्वीचा डबा कोणी खाल्ला नव्हता, मी फेकून दिला होता, हे सांगितलं. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता रडेल नाहीतर ओरडेल.

तिने विचारलं, "मग त्या रात्री तू जेवलास काय?"

चायनीज. चौघांनी मिळून चायनीज मागवलं होतं.